दहा अल्बम, दोन महिने: २०२४ च्या यादीच्या प्रकल्प नोंदी

१ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री अर्ध्या तासात मी 'वर्षातले आवडते दहा अल्बम' लिहून मोकळा होतो. परवा गेल्या वर्षीची यादी हाताला लागली. त्यातल्या तीन अल्बमांमधलं एकही गाणं गुणगुणता येईना. आणि जो अल्बम मी सलग दोन महिने ऐकला होता, तो यादीत नव्हताच. जानेवारीत आलेला, डिसेंबरापर्यंत डोक्यातून गेलेला.

म्हणून या वेळी दोन महिने आधीच बसलोय. नोंदी ठेवतोय, म्हणजे हा उद्योग पुढे कुणी केलाच तर माझ्या चुका तरी त्याने पुन्हा करू नयेत. आजचे नियम: (१) यादीत येणारा प्रत्येक अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, क्रमाने, एका बैठकीत ऐकलेला हवा. (२) स्प्रेडशीटमध्ये तारीख टाकल्याशिवाय ऐकणं धरायचं नाही. (३) इतरांच्या याद्या २९ डिसेंबरपर्यंत वाचायच्या नाहीत.

तिसरा नियम मोडला, तोही आजच. बाकीचे अजून शाबूत आहेत.

आजच द क्युअर या इंग्लिश रॉक बँडचा 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' आणि माउंट ईरीचा 'नाइट पॅलेस' आले. आधी जुनं काम उरकायचं ठरवलं होतं. रात्री साडेअकराला क्युअर लावलाच.

३ नोव्हेंबर, रविवार

वर्षभराच्या ऐकण्याची नोंद ठेवणारं एक खातं माझ्याकडे आहे. त्यातून सगळी माहिती उतरवून घेतली. कल्पना सरळ होती: जे सर्वांत जास्त ऐकलं, तेच सर्वांत आवडलं असणार.

पहिल्या नंबरावर आला टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'. मी चक्रावलोच. बरा वाटला होता, पण पहिला? मग उलगडा झाला. एप्रिलमध्ये तो आला त्याच रात्री दोन तासांनी त्याची ३१ गाण्यांची मोठी आवृत्ती आली, आणि ती मी तीनदा ऐकली. ३१ त्रिक ९३. जेसिका प्रॅटचा 'हिअर इन द पिच' मी नऊ वेळा ऐकलाय, पण त्यात गाणीच नऊ. नऊ नव्वे एक्क्याऐंशी. तीनदा ऐकलेला वर, नऊ वेळा ऐकलेला खाली.

दुरुस्ती: आकड्याला गाण्यांच्या संख्येने भागलं. तेही फसलं. बिली आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'मध्ये दहा गाणी आहेत. त्यातलं एक मी ६४ वेळा ऐकलंय, उरलेली नऊ मिळून २२ वेळा. सरासरी ८.६ निघते आणि अल्बम थेट वरच्या पाचांत जाऊन बसतो. खरं तर मला एक गाणं आवडलंय, अल्बम नाही.

दुसरी दुरुस्ती: सरासरीऐवजी मध्यक. गाण्यांचे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. बिली आयलिशचा मध्यक आला २, प्रॅटचा ९. आता आकडे निदान तोंडावर खोटं बोलत नाहीत. यात पूर्ण रविवार गेला.

५ नोव्हेंबर, मंगळवार

नावांचा घोळ. चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' ७ जूनला आला, १५ गाण्यांचा. तीन दिवसांनी आणखी तीन गाणी घालून दुसरी आवृत्ती आली. ११ ऑक्टोबरला पाहुणे कलाकार घेऊन गाणी नव्याने रचलेली तिसरी. माझ्या नोंदीत हे तीन वेगवेगळे अल्बम आहेत, आणि सुटे सुटे असल्यामुळे तिघेही पहिल्या दहाच्या बाहेर.

घाईत तिन्ही एकत्र केले, तर उलटाच प्रकार. 'ब्रॅट' इतका वर उसळला की त्याच्या जवळपास कुणी नाही. रात्री पुन्हा फोडले. ठरवलं असं: नुसती गाणी वाढवली असतील तर तोच अल्बम. गाण्यांची बांधणीच बदलली असेल तर वेगळा. म्हणजे जूनचे दोन एकत्र, ऑक्टोबरचा स्वतंत्र.

नाला सिनेफ्रोच्या 'एंडलेसनेस'ने वेगळाच त्रास दिला. दहाही तुकड्यांचं नाव 'कंटिन्युअम', पुढे फक्त १ ते १० आकडे. नावं साफ करायला मी जे सूत्र लिहिलं होतं, ते शेवटचे आकडे छाटत होतं. परिणाम: दहा तुकड्यांचं एकच गाणं झालं आणि ते ७० वेळा ऐकलेलं दिसू लागलं. हे लक्षात यायला दीड तास लागला. सूत्र पुसून टाकलं. उरलेलं काम हाताने केलं, चार तास. आधीच हाताने केलं असतं तर अडीचात झालं असतं.

९ नोव्हेंबर, शनिवार

आज आकड्यांवरचा उरलासुरला विश्वासही उडाला.

माझ्या खात्याचा नियम असा: गाणं निम्मं वाजलं किंवा चार मिनिटं वाजलं, यातलं जे आधी होईल तेव्हा ते 'ऐकलं' म्हणून लागतं. तीस सेकंदांपेक्षा लहान तुकडा मोजतच नाहीत. आता क्युअरच्या अल्बमचं शेवटचं गाणं घ्या, 'एंडसाँग'. दहा मिनिटांहून मोठं. रॉबर्ट स्मिथचा आवाज येतो तो सहा मिनिटं उलटून गेल्यावर. म्हणजे गायकाने तोंड उघडायच्या दोन मिनिटं आधीच माझं गाणं ऐकून झालेलं असतं! उलट टोकाला बियॉन्सेचा 'काउबॉय कार्टर'. त्यातला 'डॉली पी' हा तुकडा २२ सेकंदांचा. अल्बम कितीही मन लावून ऐका, २७ पैकी २७ कधी भरतच नाहीत.

आणि मग खरा धक्का. सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' यादीत शोधला. एकूण नोंद: १.

हा अल्बम मार्चअखेर आला तेव्हा नेहमीच्या कुठल्याच स्ट्रीमिंग ॲपवर नव्हता. यूट्यूबवर दोन तासांचा एकच सलग व्हिडिओ, नाहीतर जुन्या धाटणीच्या साध्या पानावरून फाइली उतरवून घ्यायच्या. ३२ गाणी. मी एप्रिलभर तो व्हिडिओ लावून बसायचो, नंतर फाइली घेतल्या आणि अशा प्लेअरवर ऐकल्या ज्याचा त्या खात्याशी संबंधच नाही. म्हणजे वर्षात ज्या अल्बमने माझे सर्वांत जास्त तास खाल्ले, तो आकड्यांत जवळजवळ नाहीच.

आठवडाभराची आकडेमोड पाण्यात. पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

यापुढे आकड्यांचं काम एकच: विसरलेली नावं आठवून देणं. ते मात्र त्यांनी चोख केलं. जानेवारी ते मार्चमधले सात अल्बम मला आठवलेच नसते, ते मिळाले.

१० नोव्हेंबर, रविवार

वर्ष कुठून कुठपर्यंत? ग्रॅमीवाल्यांचं या खेपेचं वर्ष १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४, तेव्हा कॅलेंडर काही पवित्र नाही. डिसेंबरात येणारे अल्बम कुणाच्याच यादीत नीट बसत नाहीत, म्हणून माझं वर्ष १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर.

पीटर गॅब्रिएलचा 'आय/ओ' बरोब्बर १ डिसेंबर २०२३ चा. म्हणजे आत आला. पण त्याची गाणी २०२३ भर दर पौर्णिमेला एकेक करून आधीच बाहेर पडली होती, शिवाय सगळ्या गाण्यांची 'ब्राइट-साइड' आणि 'डार्क-साइड' अशी दोन मिश्रणं (मिक्स). कुठलं मिश्रण अल्बम धरायचं यावर अर्धा तास स्वतःशीच वाद घातला. मग 'डार्क-साइड' ऐकायला घेतलं आणि वाद मिटला.

एकूण उमेदवार ३८. सगळ्यांची लांबी मिळून ३० तास ४० मिनिटं. रोज रात्री एक, सुटीच्या दिवशी दोन.

१७ नोव्हेंबर, रविवार

मधे आठवडाभर नोंद नाही, कारण सगळं सुरळीत चाललंय असं वाटत होतं. आज कळलं, तसं नव्हतं.

'एंडलेसनेस' ऐकत होतो. हा अल्बम म्हणजे एकच धागा. सिंथेसायझरवरची स्वरमाला पहिल्या तुकड्यापासून दहाव्यापर्यंत रूप बदलत चालते आणि तुकडे एकमेकांत मिसळतात. पण माझ्याकडे प्रत्येक सांध्यावर काहीतरी गढूळ व्हायचं. दोन वेगळ्या जागा एकदम वाजल्यासारख्या. आधी वाटलं, मुद्दामच केलं असेल. तिसऱ्या सांध्याला शंका आली. सेटिंग उघडून पाहिलं तर क्रॉसफेड चालू! एक गाणं संपायच्या आधीच पुढचं त्यावर चढवायचं, तेही पाच सेकंद. कुठल्याशा कार्यक्रमात गाणी सलग वाजावीत म्हणून कधीतरी मीच चालू केलं होतं.

म्हणजे आतापर्यंत ऐकलेल्या नऊ अल्बमांचा प्रत्येक शेवट कापलेला आणि प्रत्येक सुरुवात झाकलेली. आणि क्युअरच्या अल्बममध्ये तर सुरुवात हाच जीव आहे. पहिल्याच गाण्यात आवाज यायला तीन मिनिटांहून जास्त लागतात.

नऊच्या नऊ बाद. ७ तास १० मिनिटं गेली.

दुरुस्ती: क्रॉसफेड बंद, 'गॅपलेस' (दोन गाण्यांमध्ये खंड न पाडता वाजवणं) चालू. फाइली स्वतः वाजवत असाल तर प्लेअर बिनखंडाचा आहे का तेही बघा. एमपी३ मध्ये फाइलीच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता चिकटते, आणि साधा प्लेअर ती तशीच वाजवतो. तपासायला सोपी युक्ती: जिथे एक गाणं दुसऱ्यात वाहतं असा कुठलाही अल्बम लावा आणि फक्त सांधे ऐका. पाच मिनिटांचं काम. मी ते पहिल्या दिवशी केलं नाही.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

केंड्रिक लमारने काही न सांगता 'जीएनएक्स' सोडला. यादी ३९.

२४ नोव्हेंबर, रविवार

आवाजाची पातळी. ही चूक मी इतकी वर्षं करत आलो आणि मला पत्ताच नव्हता.

आज पाठोपाठ दोन अल्बम ऐकले. एक ॲपवरून, दुसरा 'डायमंड ज्युबिली' स्वतःच्या फाइलींमधून. दुसरा पहिल्या मिनिटातच 'जिंकला'. भरीव, जवळचा, जिवंत. मग लक्षात आलं की तो नुसता मोठ्याने वाजतोय. ॲप सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतं, माझा प्लेअर काहीच करत नाही. दोन गोष्टींतली एक किंचित मोठ्याने वाजली की कानाला तीच चांगली वाटते. आपल्याला ती 'मोठी' वाटत नाही, 'चांगली' वाटते. पंचाईत तिथेच आहे.

फाइलींवर पातळी मोजणारी सोय चालवली आणि सगळ्यांना एका पट्टीवर आणलं. इथे पुन्हा ठेच. ही सोय दोन प्रकारे चालते, गाण्यागणिक आणि अल्बमगणिक. मी पहिला प्रकार निवडला. 'नाइट पॅलेस' लावला, तर गिटारचा गदारोळ आणि त्यानंतरचं हळू गाणं दोन्ही एकाच उंचीवर. त्या माणसाने २६ गाण्यांमधून जो चढउतार रचला, तो मी एका बटनाने सपाट केला होता. अल्बमगणिक प्रकार घेतल्यावर पूर्ण अल्बम एकदम वर किंवा खाली सरकतो, आतले फरक जसेच्या तसे राहतात. अल्बम ऐकायचा असेल तर हाच हवा.

पुन्हा ऐकावे लागले: दोन.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला कामाला लावलं. मी पाठमोरा बसणार, ती कुठल्याही अल्बममधला दीड मिनिटाचा तुकडा लावणार, मी नाव न बघता गुण देणार. म्हणजे कलाकाराच्या नावाचा दबाव नको.

पहिला तुकडा. दोन सेकंदांत: "निक केव्ह."
दुसरा. "बियॉन्से."
तिसरा सुरू झाला आणि मी तोंड उघडायच्या आत ताईच म्हणाली, "अरे, तू आवाज ओळखतोयस की गुण देतोयस? यापेक्षा भेंड्या खेळू."

वीस मिनिटांत प्रयोग बंद. ओळखीच्या आवाजाची आंधळी चाचणी होत नाही. पण जाता जाता ती जे बोलली ते कामाचं निघालं: "मला सांग, काल रात्री ऐकलास त्यातलं आत्ता काय आठवतंय?" आदल्या रात्री मी एक अल्बम ऐकून दहापैकी आठ गुण दिले होते. मला काहीही सांगता आलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

ताईच्या प्रश्नाचा रकाना केला: 'सकाळी काय उरलं'. रात्री अल्बम ऐकायचा, गुण द्यायचे नाहीत. सकाळी उठून, काहीही न लावता, एक ओळ लिहायची. या सगळ्या खटाटोपात खऱ्या अर्थाने उपयोगी पडलेली वस्तू हीच, म्हणून काही ओळी जशाच्या तशा देतो.

अरूज आफताब, 'नाइट रेन': "'ना गुल'मधला पहिला शब्द येण्याआधीची थांबलेली हवा. शब्द माहलका बाई चंदाचे, अठराव्या शतकातल्या बाईचे, आणि वाटतं कालच लिहिलेत. 'रात की रानी'त आवाजावर मशीनचा मुलामा आहे, तो का चालला कळत नाही, पण चालला."

पियानोवादक विजय अय्यरचं त्रिकूट, 'कंपॅशन': "चाल एकही नाही. तिघं एकमेकांची वाट कशी बघतात ते आठवतंय."

एड्रियन लेंकर, 'ब्राइट फ्यूचर': "खोली. टेपवर रेकॉर्ड केलंय, खोलीसकट."

एका अल्बमसाठी, नाव लिहीत नाही, नुसतं: "ड्रम छान होते?" प्रश्नचिन्ह माझंच. तो गेला.

काही ओळी मी पहाटे अर्धवट झोपेत लिहिल्या आणि त्या वाचता येत नाहीत. एकीत फक्त 'पायरी' असं आहे. तो अल्बम पुन्हा ऐकावा लागला. पायरी कुठेच सापडली नाही.

८ डिसेंबर, रविवार

३९ चे २० झाले. काढताना जीव तुटला तो दोनच ठिकाणी. एक 'आय/ओ', कारण सकाळी उरलेली ओळ अल्बमची नव्हतीच, पौर्णिमेच्या रात्री एकेका गाण्याची वाट बघण्याची होती, आणि ती वाट गेल्या वर्षीची. दुसरा केली मलोनचा 'ऑल लाइफ लाँग'. पाइप ऑर्गन, गायकवृंद आणि पितळी वाद्यं, अतिशय संथ. तो एका बैठकीत ऐकताना मी दोनदा झोपलो. दोष अल्बमचा नाही, रात्री अकराच्या वेळेचा आहे. सकाळी ऐकायला हवा होता. तरी नियम म्हणजे नियम: पूर्ण जागेपणी ऐकून झाला नाही, तर बाहेर. हा निर्णय मला अजून पटलेला नाही.

टेलर स्विफ्ट, एके काळचा पहिला नंबर, चर्चेविनाच गेला.

१२ डिसेंबर, गुरुवार

विसांचा क्रम लावायचा. प्रत्येक अल्बम प्रत्येकासमोर उभा करायचा आणि विचारायचं, या दोघांतला कुठला? वीस अल्बमांच्या जोड्या होतात १९०. एका जोडीला पाच मिनिटं धरली तरी सोळा तास. तरी सुरुवात केली, हटवादीपणाने.

दोन संध्याकाळी, पाच तास, ६१ जोड्या. मग घोडं अडलं. लेंकरचा 'ब्राइट फ्यूचर' मला वॉक्सहॅचीच्या 'टायगर्स ब्लड'पेक्षा आवडला. 'टायगर्स ब्लड' 'हिअर इन द पिच'पेक्षा आवडला. आणि 'हिअर इन द पिच' 'ब्राइट फ्यूचर'पेक्षा! गोल फिरलो. कुठून चुकलं म्हणून तिन्ही जोड्या दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारल्या. तीच उत्तरं. चूक नव्हतीच: पहिल्या जोडीत मी शब्दांकडे बघत होतो, दुसरीत वाद्यमेळाकडे, तिसरीत अल्बम किती आटोपशीर आहे याकडे.

एका मित्राने हिशोब करून सांगितलं की सगळ्या जोड्या विचारायची गरजच नाही. लागलेल्या यादीत नवा अल्बम आणला की आधी मधल्याशी तुलना, मग वरच्या किंवा खालच्या अर्ध्यात. अशाने वीसांचा क्रम जास्तीत जास्त ६९ प्रश्नांत लागतो. हिशोब बरोबर आहे. पण तसं केलं असतं तर हे चक्र मला दिसलंच नसतं, क्रम मुकाट्याने लागला असता आणि मी त्यावर विश्वास ठेवला असता.

जोड्यांचा नाद सोडला.

१५ डिसेंबर, रविवार

जुनी पद्धत उचलली. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात समीक्षकांचा वार्षिक कौल निघायचा, 'पॅझ अँड जॉप'. प्रत्येक मतदाराला दहा अल्बम आणि वाटायला १०० गुण. एका अल्बमला ५ पेक्षा कमी नाहीत, ३० पेक्षा जास्त नाहीत.

करून बघेपर्यंत यातली गंमत कळत नाही. दहापैकी आठ, दहापैकी नऊ असे गुण देताना हात सैल सुटतो, कारण ते कुणाच्या खिशातून जात नाहीत. इथे एकाला दिलेला गुण दुसऱ्याचा कापून द्यावा लागतो.

पहिला वाटा: द क्युअर ३०. उरलेल्या नऊंत ७०.

१६ डिसेंबर, सोमवार

क्युअरला ३० हे काही बरं लक्षण नाही. हा अल्बम १ नोव्हेंबरला आला, माझा प्रकल्प १ नोव्हेंबरला सुरू झाला. सोळा वर्षांनी आलेला अल्बम, त्याचा दबदबा वेगळाच. शिवाय गेल्या दीड महिन्यात मी तो अकरा वेळा ऐकलाय आणि मार्चमधले अल्बम जेमतेम दोनदा. गेल्या वर्षी जानेवारीचा अल्बम विसरलो, या वर्षी नोव्हेंबरचा डोक्यावर बसवतोय. रोग एकच.

उपाय: २९ तारखेपर्यंत क्युअर बंद. त्या वेळात जानेवारी ते मेमधले अल्बम पुन्हा.

२२ डिसेंबर, रविवार

सहा दिवस पाळलं. काल कुठल्याशा आपोआप लागलेल्या यादीत क्युअरचं 'अलोन' वाजलं आणि मी ते बंद केलं नाही. नोंद करून ठेवतो.

'काउबॉय कार्टर' या फेरीत वर सरकला. मार्चमध्ये २७ तुकड्यांचा पसारा वाटला होता. आता मधले छोटे तुकडे काढले तर इमारतच उभी राहत नाही असं वाटतं. (सुरुवातीच्या विनाइल तबकड्यांवर पाच गाणी नव्हती. ज्यांनी तो तसा ऐकला त्यांच्याशी वाद घालताना आधी आवृत्ती विचारा.)

२९ डिसेंबर, रविवार

क्युअर तेरा दिवसांनी लावला. वाईट झाला नव्हता, पण अंगावर येणं ओसरलं होतं. मधली दोन गाणी लांबलेली वाटली. 'एंडसाँग' मात्र तसंच. गुण निम्म्यावर.

अंतिम वाटप:

'डायमंड ज्युबिली', सिंडी ली, १८. दोन तासांचा अल्बम, आणि तीन वेळा ठरवूनही त्यातलं एक गाणं कमी करता आलं नाही. दुसऱ्या खोलीतल्या रेडिओसारखा आवाज आहे, ताईला अजिबात सहन होत नाही. 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड' १५. 'एंडलेसनेस' १३, यातले दोन तरी क्रॉसफेड प्रकरणाबद्दल माफी म्हणून. 'हिअर इन द पिच' ११: सत्तावीस मिनिटं, एक सेकंद जास्तीचा नाही. 'ब्राइट फ्यूचर' १०. 'नाइट रेन' ९. 'ब्रॅट' ७, जूनचा. ऑक्टोबरचा विसांत होता, दहात नाही. 'नाइट पॅलेस' ६ आणि 'काउबॉय कार्टर' ६. दोन्ही लांबलचक, एकाला दिलेलं दुसऱ्याला नाकारणं जमेना. 'कंपॅशन' ५.

बेरीज १००. 'टायगर्स ब्लड' चार गुणांवर अडकला होता आणि चार गुण देता येत नाहीत. चक्रातला तिसरा बाहेर राहिला. 'जीएनएक्स'चं काय करावं कळलं नाही. पाच आठवड्यांत त्याच्या सकाळच्या ओळी दर वेळी वेगळ्या निघाल्या, तेव्हा पुढच्या यादीत डिसेंबरवाल्यांबरोबर त्याला पुन्हा बसवणार. हा नियमभंग आहे.

३१ डिसेंबर, मंगळवार

वेळेचा हिशोब, पुढे करणाऱ्यांसाठी. पहिलं ऐकणं साडेएकतीस तास. क्रॉसफेड आणि पातळीमुळे पुन्हा ऐकलेले जवळपास नऊ. विसांचं दुसरं ऐकणं सोळा. आकडे साफ करणं अकरा, त्यातले निदान नऊ फुकट. जोड्या पाच, सगळेच फुकट. एकूण बहात्तर-त्र्याहत्तर तास. सेटिंग आधी तपासली, आकडे फक्त नावं आठवायला वापरले आणि सकाळची ओळ पहिल्या दिवसापासून लिहिली, तर पन्नासात होतं.

ताईने यादी वाचली. "पहिला नंबर बदल" एवढंच म्हणाली.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवं स्प्रेडशीट उघडलं. 'किती वेळा ऐकलं' हा रकाना काढून टाकला. रकाने चार: तारीख, अल्बम, एका बैठकीत का, सकाळी काय उरलं.

आज बॅड बनीचा नवा अल्बम आला, रविवारी. १७ गाणी. पहिली ओळ भरली, चौथा रकाना उद्यासाठी रिकामा.